टेकडीवरचा मुक्काम आणि खालचे नगर

(अभ्यासासाठी वाचावे: मार्क ६:३०-३४, लूक १९:४१-४४, लूक २१:३७-३८, इब्री १३:१४)



काही वर्षांपूर्वी मी तीन दिवस विश्रांतीसाठी जुन्या गोव्यात जाऊन राहिलो होतो. टेकडीच्या उतारावर एक लहानसे, शांत हॉटेल होते. पंखा, पलंग, एक टेबल आणि पश्चिमेकडे उघडणारी खिडकी, एवढीच खोली. पण त्या खिडकीतून जे दिसे, ते मी विसरू शकत नाही. खाली माडांच्या गर्दीतून संत कायटनच्या चर्चचा घुमट वर आलेला, त्यापलीकडे पांढरेशुभ्र से कॅथेड्रल, लाल जांभ्या दगडाची बॉम जीझस बॅसिलिका, बाजूने संथ वाहणारी मांडवी आणि पलीकडे दिवाडी बेट. संध्याकाळी सूर्य त्या मनोऱ्यांमागे उतरत असे. पाखरांखेरीज दुसरा आवाज नाही.

त्या मुक्कामातून मी तीन गोष्टी शिकलो. त्यांपैकी शेवटची मला माझ्या चुकीतून शिकावी लागली. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

१. विश्रांती घेणे पाप आहे काय?

आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ जण बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळीने काम करतात. काही पहाटेची लोकल पकडतात, तर काही पावसाळा संपताच वीटभट्टीवर जातात. अशा लोकांपुढे हॉटेलच्या खिडकीविषयी बोलायला मला थोडा संकोच वाटतो. म्हणून प्रथम बायबल काय सांगते ते पाहू.

मार्कच्या शुभवर्तमानात प्रेषित सेवाकार्य करून परत येतात. येण्याजाण्याऱ्यांची इतकी गर्दी असते की, त्यांना जेवायलाही सवड मिळत नाही. तेव्हा प्रभू येशू स्वतःच त्यांना एकांत जागी येऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. थकलेल्याने विसावा घ्यावा, ही प्रभूची आज्ञा आहे. विश्रांती हा श्रीमंतांचा शौक आहे असे समजू नये आणि आळस म्हणून तिची लाजही बाळगू नये.

आता लूक २१:३७ पाहा. आपल्या मरणापूर्वीच्या त्या दिवसांत येशू दिवसा मंदिरात शिकवीत असे आणि रात्री जैतुनाच्या डोंगरावर जाऊन राहत असे. जैतुनाचा डोंगर यरुशलेमच्या पूर्वेला, किद्रोन ओहोळाच्या पलीकडे आहे. तेथून सारे नगर समोर दिसते. म्हणजे नगरासमोरच्या डोंगरावर मुक्काम करणे ही येशूची रीतच होती. त्याला पैसे पडत नव्हते. आपल्यालाही पडणार नाहीत. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंड आहे, वर काळदुर्ग आहे. एखाद्या रविवारी मिस्सानंतर कुटुंबाने तेथे जाऊन तासभर शांत बसावे. एवढी विश्रांती आपल्यापैकी प्रत्येकाला परवडेल.

पण मार्कचा उतारा पुढे वाचा. शिष्य एकांत जागी पोहोचण्याआधीच लोक पायी धावत तेथे पोहोचतात. येशू होडीतून उतरतो, मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखा तो समुदाय पाहतो आणि त्याला त्यांचा कळवळा येतो. तो त्यांना परत पाठवीत नाही. विश्रांतीची आज्ञा आणि हा कळवळा एकाच उताऱ्यात, अगदी पाठोपाठ येतात, हे ध्यानात ठेवू या.

२. उंचावरून काय दिसते?

जुना गोवा हे युरोपीय धर्तीवर वसवलेले भारतातील एक महानगर होते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणादिवशी, अल्बुकर्कने गोवा जिंकले. म्हणूनच से कॅथेड्रल त्या संतिणीला अर्पण केलेले आहे. ६ मे १५४२ रोजी संत फ्रान्सिस झेवियर येथे पोहोचला. त्याचे पवित्र शरीर आज बॉम जीझस बॅसिलिकेत आहे. तेथील संगमरवरी कबर टस्कनीच्या तिसऱ्या कोझिमो दे मेदिची या सरदाराने भेट दिली आणि ती १६९८ मध्ये पुरी झाली. या नगराला लोक 'पूर्वेकडील रोम' म्हणत. ज्याने गोवा पाहिले त्याने लिस्बन पाहिले नाही तरी चालेल, असेही म्हटले जाई.

मग ते नगर गेले कोठे? खिडकीतून चर्चेस दिसतात, पण घरे दिसत नाहीत. बाजार नाही, वाडे नाहीत. एवढ्या मोठ्या देवालयांच्या भोवती माडच माड! ते नगर युद्धात पडले नाही. जमीन सखल आणि सच्छिद्र होती. सांडपाणी झिरपून विहिरींत उतरले, साथीचे रोग पुनःपुन्हा आले आणि माणसे नगर सोडून गेली. १७५९ मध्ये व्हाइसरॉयनेही आपला मुक्काम पणजीच्या बाजूला हलवला. १८४३ मध्ये पणजीला अधिकृतपणे राजधानीचा दर्जा मिळाला. जुन्या नगरातील घरांचे दगडही नव्या नगराच्या बांधकामासाठी गेले.

दुसऱ्या दिवशी मी खाली उतरून पवित्र टेकडीवरील संत ऑगस्टिनचा मनोरा पाहायला गेलो. १६०२ मध्ये पूर्ण झालेल्या त्या चर्चला चार मनोरे होते. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने संन्यासी संघांना बाहेर काढले आणि चर्च ओस पडले. १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. आज ४६ मीटर उंचीच्या एका मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे. त्याची घंटा मात्र वाचली. ती आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ पासून पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चमध्ये आहे. मनोरा गेला, पण घंटा अजून लोकांना मिस्साला बोलावते. हे मला फार सांत्वनाचे वाटले.

आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या वसईचेही असेच आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे आली. तटाच्या आत चर्चेस, मठ, वाडे उभे राहिले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई घेतली. आज किल्ल्यात गेल्यास छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंती दिसतात. तारापूर, माहीम, केळवे येथील कोट आणि मनोरजवळचा अशेरीगड हीदेखील त्याच काळाची आठवण. मात्र त्याच वसईत जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झाला आणि १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाला. किल्ला पडला, पण गोन्सालोचा सण आपण दरवर्षी साजरा करतो.

इब्री लोकांस पत्राचा लेखक आपल्याला आठवण करून देतो की, येथे आपल्याला कायमचे नगर नाही, आपण येणाऱ्या नगराची वाट पाहत आहोत (१३:१४). ज्याच्या नावाने तो मनोरा उभा आहे, त्या संत ऑगस्टिनने हाच विचार सविस्तर मांडला. ४१० मध्ये रोम नगर लुटले गेले. 'सनातन' समजले जाणारे नगर पडले म्हणून लोक हादरले. काहींनी त्याचा दोष ख्रिस्ती धर्माला दिला. ऑगस्टिनने उत्तरादाखल 'देवाचे नगर' हा ग्रंथ लिहायला घेतला आणि सुमारे तेरा वर्षांनी, ४२६ च्या सुमारास, पूर्ण केला. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा : माणसे ज्यावर प्रेम करतात त्यावरून त्यांचे नगर ठरते. स्वतःवरच्या प्रेमातून एक नगर उभे राहते, देवावरच्या प्रेमातून दुसरे. या जगात ही दोन्ही नगरे एकमेकांत मिसळलेली आहेत आणि बाहेरून पाहून ती वेगळी करता येत नाहीत.

माझ्या खिडकीतूनही ती वेगळी करता येत नव्हती. खालच्या त्या नगरात संत झेवियर हातात घंटी घेऊन मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत हिंडला. त्याच नगरात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले आणि ते १८१२ मध्ये कायमचे बंद होईपर्यंत अनेकांनी छळ सोसला. श्रद्धेच्या नावाने झालेले ते पाप आपण लपवू नये. उंचावरून सारे सुंदर दिसते, कारण उंचावरून छपरे दिसतात, माणसे दिसत नाहीत.

३. येशूला काय दिसले?

येशूला मात्र डोंगरावरून माणसे दिसली. लूक १९:४१ मध्ये तो जैतुनाच्या डोंगरावरून उतरताना नगर पाहतो आणि रडतो. शांतीच्या गोष्टी त्या नगराला ओळखता आल्या नाहीत, म्हणून रडतो. पुढे इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचा आणि मंदिराचा नाश केला. ज्या ठिकाणी प्रभूने अश्रू ढाळले असे परंपरा मानते, तेथे १९५५ मध्ये एक लहान देऊळ उभे राहिले. त्याचा आकार अश्रूसारखा आहे आणि वेदीमागच्या खिडकीतून नगर दिसते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला 'चिंतन' आणि 'कृती' यांतील श्रेष्ठ काय, हा जुना वाद शिकवीत. संत थॉमस अक्विनसने त्याचे उत्तर सोप्या दाखल्याने दिले आहे. नुसते चमकण्यापेक्षा दुसऱ्याला उजेड देणे अधिक चांगले. तसेच नुसते चिंतन करण्यापेक्षा चिंतनात जे मिळाले ते दुसऱ्याला देणे अधिक चांगले. परीक्षेत हे उत्तर मी बरोबर लिहिले होते. परंतु त्याचा अर्थ मला पुढे एका पाड्यावर समजला.

४. माझी चूक

गोव्याला जाताना मी शेजारच्या धर्मग्रामातील फादरांना कल्पना दिली होती. त्यांनी आनंदाने होकार दिला होता. पण त्यांचा फोन नंबर चर्चच्या दारावर लावायचे मी विसरलो. प्रचारकालाही सांगितले नाही. हॉटेलात पोहोचल्यावर मी मोबाइल बंद केला आणि बॅगेत टाकला. तीन दिवस शांतता हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका पाड्यावरून दोन मुलगे मोटरसायकलवर आले. त्यांचे आजोबा फार आजारी होते. त्यांना पापनिवेदन करायचे होते, रुग्णाभ्यंग हवा होता. मुलांनी माझ्या निवासाचे दार वाजवले, फोन लावून पाहिला, पायरीवर अंधार पडेपर्यंत वाट पाहिली आणि परत गेली. त्याच रात्री आजोबा देवाघरी गेले. ती संध्याकाळ मला नीट आठवते. त्या वेळी मी खिडकीशी बसून मांडवीवरचा सूर्यास्त पाहत होतो.

परतल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. आजींनी मला खाट टाकून दिली, कोरा चहा दिला. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "फादर, तुम्ही देवाच्या डोंगरावर गेला होता ना? तिथं आमच्या म्हाताऱ्याचं नाव घेतलं का?"

मी उत्तर देऊ शकलो नाही. मी टेकडीवर रोज प्रार्थना केली होती. 'माझ्या धर्मग्रामासाठी' असेही म्हटले होते. पण नाव कोणाचेच घेतले नव्हते. ते आजोबा दोन महिने मिस्साला आले नव्हते, हेही मला ठाऊक होते आणि तरीही ते मला आठवले नाहीत. मी माझ्या धर्मग्रामाची छपरे पाहत होतो.

आजोबांविषयी मला भीती वाटत नाही. देवाने आपल्याला संस्कार दिले, पण देव स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ज्याने मनापासून क्षमा मागितली आणि धर्मगुरूची वाट पाहिली, त्याला प्रभूने रिकाम्या हाती पाठवले नसेल. देव बांधलेला नाही. धर्मगुरू मात्र बांधलेला आहे. आजींपुढे मी क्षमा मागितली, आज या पत्रिकेतून साऱ्या धर्मग्रामापुढे मागतो.

५. टेकडीवरून उतरलेला संत

त्या मुक्कामात मी जुन्या गोव्यातील आणखी एका टेकडीविषयी विचार करायला हवा होता. तो मी नंतर केला. 'चमत्कारांचा क्रूस' या नावाचे चर्च तेथे होते. आता त्याचे अवशेष उरले आहेत आणि तो क्रूस से कॅथेड्रलमध्ये आहे. १६८५ मध्ये बाणावलीचे फादर जोसेफ वाझ त्या टेकडीवर राहायला आले. त्या काळी युरोपीय संघांत भारतीयांना सहसा प्रवेश मिळत नसे. म्हणून काही गोमंतकीय धर्मगुरू तेथे एकत्र राहून प्रार्थनामय जीवन जगत होते. पायथ्याशी 'पूर्वेकडील रोम' होते, वर शांत मठ होता. तेथेच आयुष्य काढले असते तरी कोणी त्यांना दोष दिला नसता.

पण श्रीलंकेत डच राजवटीने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती आणि तेथील भाविक धर्मगुरूवाचून राहिले होते. हे ऐकून जोसेफ वाझ टेकडीवरून खाली उतरले. १६८७ मध्ये मजुराच्या वेषात, अनवाणी, ते जाफना येथे पोहोचले. कँडीमध्ये त्यांना हेर समजून कैदेत टाकले. १६९७ मध्ये तेथे देवीची साथ आली, तेव्हा लोक आजाऱ्यांना टाकून पळत होते. फादर वाझ त्यांची शुश्रूषा करीत आणि मृतांना मूठमाती देत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथेच त्यांचे निधन झाले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संत म्हणून घोषित केले.

टेकडीवरच्या शांततेतच त्यांना समुद्रापलीकडच्या माणसांची हाक ऐकू आली. खऱ्या शांततेची ही खूण आहे. ज्या शांततेत कोणाचीच हाक ऐकू येत नाही, ती शांतता नव्हे, बंद केलेला मोबाइल होय.

६. आपण काय करावे?

(क) विश्रांती घ्या. रविवार हा प्रभूचा दिवस आहे. ज्यांना पाळीमुळे रविवारी काम करावे लागते, त्यांनी आठवड्यातील दुसरा थोडा वेळ राखून ठेवावा. घरातील बाईमाणसाला विश्रांती मिळते का, याचाही विचार पुरुषांनी करावा. आपण डोंगरावर बसलो आणि ती चुलीपाशी राहिली, असे होऊ नये.

(ख) शांत बसाल तेव्हा नावे घ्या. 'सर्वांसाठी' केलेल्या प्रार्थनेत कोणीच आठवत नाही, असे होऊ शकते. मी आता बाहेर जाताना आजाऱ्यांच्या नावांची वही बरोबर नेतो. कुटुंबप्रार्थनेतही दररोज निदान दोन नावे घ्या.

(ग) आजाऱ्यासाठी धर्मगुरूला लवकर बोलवा. रुग्णाभ्यंग हा केवळ मरणाच्या घटकेचा संस्कार नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले आहे. गंभीर आजार किंवा वार्धक्याचा अशक्तपणा सुरू झाला की तो घ्यावा. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही घ्यावा. याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे सांगितले आहे. बोलावण्यात संकोच करू नका. रात्री-अपरात्री आलात तरी चालेल. मी बाहेर असेन तेव्हा कोणाला बोलवायचे, याची चिठ्ठी आता नेहमी चर्चच्या दारावर असते. प्रत्येक पाड्याच्या प्रमुखाकडेही नंबर दिलेला आहे.

(घ) जुन्या गोव्याला जाल तेव्हा घाई करू नका. संत झेवियरच्या शरीराचे दर्शन दर दहा वर्षांनी खुले होते. मागच्या वेळी ते नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाले. पण सण ३ डिसेंबरला दरवर्षी असतो, त्याआधी नोव्हेना असते. कोकण रेल्वेचे करमळी स्थानक अगदी जवळ आहे. रांगेतून दर्शन घेऊन लगेच गाडीत बसू नका. मोंत टेकडीवरच्या मारिया मातेच्या कपेलपाशी जाऊन थोडा वेळ खालचे नगर पाहा आणि आपल्या पाड्यावरच्या कोणाचे तरी नाव घ्या.

एक शेवटचा विचार. आपल्या सूर्या नदीचे पाणी मासवणहून उचलून वसई-विरारच्या घराघरांत जाते. जुना गोवा वाईट पाण्याने ओस पडला. मोठी नगरे जगतात ती दूरच्या, नाव नसलेल्या गावांच्या पाण्यावर. देवाचे नगरही असेच जगते. आजींसारख्या, कोठेही नाव न छापलेल्या माणसांच्या श्रद्धेवर ते उभे आहे. आपले चर्च लहान आहे, त्याला घुमट नाही. पण रविवारी ते भरते. जुन्या गोव्याच्या टेकडीवरून मला जे दिसले नाही, ते येथे वेदीवरून दिसते : माणसे.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात मी शांत कधी बसलो होतो? त्या शांततेत मला कोणाची आठवण झाली?

२. आपल्या पाड्यावर किंवा वाडीत गेले काही आठवडे मिस्साला न आलेले कोण आहेत? त्यांच्या घरी कोण जाईल आणि कधी?

३. आपल्या घरात सर्वांत कमी विश्रांती कोणाला मिळते? त्यासाठी आपण या आठवड्यात काय बदलू शकतो?

४. जुना गोवा आणि वसईचा किल्ला ओस पडला, तरी श्रद्धा टिकली. ती कोणामुळे टिकली असे तुम्हाला वाटते?

प्रभू येशू ख्रिस्त, ज्याने डोंगरावरून नगर पाहिले आणि त्यासाठी अश्रू ढाळले, तो तुम्हा सर्वांना विसावा देवो आणि विसाव्यानंतर खाली उतरण्याचे बळही देवो.

आपला प्रभूठायी,
प्रमुख धर्मगुरू